लिव्हर कोण ओढतंय

शंका एक.

गाडीला डाव्या हाताशी लिव्हर आहे. लिव्हर ओढायची गरज नाही. मग लिव्हर कशाला आहे?

बिरप्पाने ही शंका नवी मोटरसायकल दारात उभी राहिल्यापासून पाच मिनिटांत काढली. अजून त्याच्या बायकोचं, मायाक्काचं, गाडीला हळदीकुंकू लावूनही झालं नव्हतं. गाडी आणली होती सिद्धरामने, त्यांच्या मुलाने. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. शोरूममधून वळसंगपर्यंत तो गाडी चालवत आला होता, आणि येताना आपण डावा हात मांडीवर ठेवून आलो हे त्याने उतरायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

"म्हंजे दाराला कडी हाय, पन कडी न काढता दार उघडतंय," बिरप्पा म्हणाला. "असलं दार चोराच्या सोयीचं."

"अप्पा, आत बारकी मोटर हाय. तीच क्लच दाबती, तीच सोडती. आपुन फकस्त पायानं गिअर टाकायचा अन् रेस द्यायची."

"मोटरला कोन सांगतंय?"

"कंप्युटर."

"अन् कंप्युटरला?"

सिद्धरामने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बहिणीला हाक मारली. "सुकन्ये, बस. लिंबू तूच फोडायचं."

सुकन्या आतून पदराला हात पुसत आली. तिच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली. त्याआधी ती बिरप्पाची जुनी गाडी चालवायची. नंतर नाही. लिव्हर ओढायला बोटं लागतात.

ती बसली. पायाने पहिला गिअर टाकला. गाडीला धक्का बसला नाही, इंजिन बंद पडलं नाही. उजव्या हाताने तिने जराशी रेस दिली आणि गाडी लिंबावरून पुढे गेली.

मायाक्का लिंबाकडे बघत होती. सिद्धराम बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. बिरप्पा लिव्हरकडे बघत होता. लिव्हर जागची हलली नव्हती.


शंका दोन.

ही जरा लांब आहे, कारण तिच्यात ऐंशी मेंढरं आहेत.

बिरप्पाची जुनी गाडी अकरा वर्षांची. गुडघा धरायला लागला तेव्हापासून तो मेंढरांमागे गाडीवरून जातो. टाकीवर पोत्यात नवं कोकरू, मागे पाण्याचा कॅन. मेंढराच्या चालीने गाडी चालवायची म्हणजे पहिला गिअर आणि अर्धा दाबलेला क्लच, दिवसभर. असं चालवलं की इंजिन घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढतं. घुर्रर्र. अकरा वर्षांत मेंढरं त्या आवाजावर चालायला शिकली. घुर्रर्र म्हणजे चाला. क्लच पुरता दाबून दोनदा रेस दिली की गोळा व्हा. इंजिन बंद झालं की थांबा आणि चरा. तीन शब्दांची भाषा. हाकाटी करून, काठी आपटून आता ती हलत नाहीत. मायाक्का म्हणते, "मेंढरं बिघडवून ठेवलीत तुमी. मानसाचं ऐकंनात."

क्लच प्लेटा दर चार महिन्यांनी जळायच्या. वळसंगच्या स्टँडवर बसवराज मिस्त्रीचं गॅरेज आहे. तो त्या प्लेटा काढून बोटाने वाकवून दाखवायचा. "मामा, ह्या प्लेटा न्हाईत, पापड हायेत. तळायचं तेवढं राहिलंय."

जळू देत. भाषा बिरप्पाच्या डाव्या हातात होती.

आता गुडघ्याने गाडीवर बसणंही सोडवायला आणलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. अक्कलकोटचा व्यापारी येऊन मेंढरांचे दात बघून गेला होता. सिद्धराम म्हणाला, मी कंपनी सोडून येणार नाही. सुकन्या म्हणाली, मी नेते. सगळ्यांनी तिच्या हाताकडे बघितलं, आणि त्या बघण्यातून ही गाडी आली.

म्हणजे ठरलं होतं ते असं. सुकन्याला जमलं तर मेंढरं राहणार. नाही जमलं तर व्यापाऱ्याचा टेम्पो येणार. अमावस्येला नवीन काही सुरू करायचं नाही, म्हणून तिच्यानंतरचा सोमवार धरला.

शंका अशी: क्लच गाडीच ओढणार असेल, तर घुर्रर्र कोण म्हणणार?


शंका तीन. पुस्तकातली.

गाडीबरोबर मराठीत छापलेलं पुस्तक आलं होतं. सुकन्या संध्याकाळी अंगणात बसून मोठ्याने वाचायची.

पुस्तक: गाडी थांबवताना क्लच लिव्हर ओढण्याची आवश्यकता नाही.

बिरप्पा: मेंढराला काय कळायचं मग? थांबलो का निघालो?

पुस्तक: चालकाने लिव्हर ओढल्यास यंत्रणा तत्काळ माघार घेते व नियंत्रण चालकाकडे येते.

बिरप्पा: अन् परत कवा घेती?

पुस्तक: काही सेकंदांनी नियंत्रण पुन्हा आपोआप यंत्रणेकडे जाते.

बिरप्पा: परत वाच.

सुकन्या: आपोआप.

बिरप्पा: मला न इचारता?

मायाक्का, चुलीपाशी: तुमी तरी कुटं इचारता कुनाला.

पुस्तक: यंत्रणा पडद्यावरील मेनूतून बंद करता येते. यंत्रणा चालू असताना पडद्यावर हिरवे चिन्ह दिसते. बंद असताना गाडी नेहमीप्रमाणे लिव्हरने चालवावी.

ह्या ओळीवर बिरप्पा काही बोलला नाही. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही.


शंका पाच.

(चौथी आहे. बिरप्पा ती कुणाला सांगत नव्हता. तिची जागा रिकामी ठेवली आहे.)

सोमवारच्या आधीच्या गुरुवारी बिरप्पा हट्टाने नवी गाडी घेऊन मेंढरांमागे गेला. मेंढरं आधी बुजली. नव्या गाडीचा आवाज सपाट होता, त्यात अडकलेलं काही नव्हतं. कळपाच्या पुढे चालणारी शेळी दोनदा वळून बघून गेली. तरी चालली.

हौदापाशी तो थांबला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन चालू, पाय जमिनीवर. एक कोकरू मागे राहिलं होतं. वाकून त्याने ते डाव्या बगलेत घेतलं. मेंढरं पांगली होती. त्यांना गोळा करायचं म्हणून त्याने अकरा वर्षं जे केलं तेच केलं. उजव्या हाताने दोनदा रेस दिली.

जुन्या गाडीवर डावा हात आधीच लिव्हरवर असायचा. आज त्या हातात कोकरू होतं.

गाडी उडी मारून हौदावर गेली. कोकरू हौदात, बिरप्पा कडेला, मेंढरं चारी दिशांना. कोकराला काही झालं नाही. बिरप्पाचा गुडघा मात्र फुटबॉलएवढा सुजला.

"आपोआप सुटली," त्याने घरी सांगितलं. "मी काय बी केलं न्हाय. हुबी हुती अन् सुटली."

मायाक्का निरगुडीचा पाला गरम करत होती. "यव्वा! पोरीच्या हातात द्यायची व्हय असली गाडी?"

सुकन्या उंबऱ्यात उभी होती. "अप्पा, रेस कोनी दिली?"

"काय?"

"थांबल्याली गाडी रेस दिल्याबिगर सुटत न्हाय. मी चार दिस चालवून बगितली की. रेस कोनी दिली?"

"गुडघा शेक आधी," बिरप्पा बायकोला म्हणाला.


बसवराजकडे. रविवारी, संध्याकाळी.

"हे बंद कर."

"काय बंद करू?"

"आतलं. मोटर का कंप्युटर, जे काय ओढतंय ते."

बसवराजने हात पुसले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. अशी गाडी त्याने एकच पाहिली होती, आणि तीही लांबून. "मामा, ही पोरीसाठी घेतलीया न्हवं? हे बंद केल्यावर ती चालवनार कशी?"

"तेच म्हनतोय मी. बंद आसली तर जाग्यावर हुबी राहील. मानसानं ओढल्याबिगर हलायची न्हाय. इंजिन मरंल, पन सुटायची तरी न्हाय."

"आसं न्हाय मामा. बंद झाली तर पयला गिअर टाकला की झटका मारनार, अन्..."

"बस्या, तुला जमतंय का न्हाय? का सोलापूरला नेऊ?"

मिस्त्रीला हे टोचलं. त्याने चावी फिरवली, पडद्यावर बोटाने शोधत गेला, दोनदा चुकला, मग सापडलं. हिरवं चिन्ह गेलं.

"घरी सांगा हां," बसवराज म्हणाला. "इसरू नका."

"सांगतो की."

दुखरा गुडघा सांभाळत, जुन्या पद्धतीने क्लच ओढत बिरप्पा घरी आला. त्याला बरं वाटलं. घुर्रर्र परत आलं होतं. घरी त्याने सांगितलं नाही. सकाळी सांगू, सगळ्यांसमोर, सुकन्या गाडीवर बसली की. ती गिअर टाकेल, गाडी दारातच झटका देऊन मरेल, आणि मग तो म्हणेल, बघा, भरवसा नाही हिचा. म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही. गाडीच बोलेल.


शंका चार.

तीन वर्षांपूर्वी. दुपार. कडबाकुट्टीत कडबा अडकला होता आणि सुकन्या तो काढत होती. बटणांचा बोर्ड शेडच्या बाहेरच्या भिंतीला. बिरप्पा बाहेरून आला. आतून आवाज येत नाही, म्हणजे पोरगी बाजूला झाली असेल, असं त्याने धरलं. वाकून बघितलं नाही. बटण दाबलं.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? बिरप्पाच्या तोंडून निघालं, "लाईट गेलती. बटन चालूच राहिलतं. लाईट आली अन् मशीन आपोआप चालू झालं."

इतकं सरळ निघालं की त्यालाही ते खरं वाटलं. मायाक्काने ते दहा घरी सांगितलं. सिद्धरामने वीज कंपनीला शिव्या दिल्या. वळसंगमध्ये आजही कुणी कडबाकुट्टीत हात घातला की बायका ओरडतात, अगं, बटन बगितलं का, बिरप्पाच्या पोरीचं काय झालं म्हाईत हाय न्हवं!

तेव्हापासून आपोआप होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला वाईट म्हणणं बिरप्पाला भाग होतं. आपोआप चालणारं यंत्र सरळ निघालं असतं, तर त्या दुपारचं काय?


सोमवार.

ठरल्याप्रमाणे सात वाजता निघायचं होतं. सुकन्या साडेसहालाच उठून मेंढरांच्या वाड्याची जाळी सोडून मोकळी झाली. बिरप्पा आत खाटेवर होता. मायाक्का गुडघ्याला पाला बांधत होती आणि फडक्याची गाठ बसत नव्हती.

"सुकन्या कुटं हाय?" बिरप्पाने विचारलं.

"निघाली आसंल."

"गाडीचा आवाज आला न्हाय मला."

"उतारानं गेली आसंल. तुमीच शिकिवलंय."

वस्तीपासून अक्कलकोट रोडपर्यंत उतार आहे. तिथे गिअर टाकायचा नाही, न्यूट्रलमध्ये इंजिन हळू चालू ठेवून मेंढरांमागे घरंगळत जायचं, हे बिरप्पानेच मुलीला ती दहा वर्षांची असताना शिकवलं होतं. गिअर पहिल्यांदा टाकायचा तो खाली, डांबरावर चढताना. रोडवर.

बिरप्पा उठला. फडकं गुडघ्यावरून लोंबत राहिलं.


रोडवर.

पुढची शेळी दुभाजकाच्या फटीत पोचली आहे.

तिच्यामागे तीस-चाळीस मेंढरं डांबरावर.

बाकीची कडेला.

सगळ्यांत मागे सुकन्या. डावा हात मांडीवर. टाकीवर कोकरू. ती पायाने पहिला गिअर टाकते.

झटका. इंजिन बंद.

इंजिन बंद म्हणजे थांबा आणि चरा. चाळीस मेंढरं डांबरावर थांबतात. चरायला काही नाही, म्हणून माना खाली घालून उभी राहतात.

सुकन्या न्यूट्रल करते, बटण दाबते. इंजिन चालू. गिअर. झटका. बंद.

तिला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. ऊन पडद्यावर आहे. हिरवं चिन्ह आहे की नाही ते दिसत नाही, आणि ते बघायचं तिला सुचतही नाही. ती अंगठा आणि करंगळीने लिव्हर ओढून बघते. लिव्हर अर्धा इंच येते आणि निसटते.

सोलापूरकडून टँकर. हॉर्न. मेंढरांना हॉर्नचा अर्थ माहीत नाही.

टँकर तिरका होऊन पुढच्या शेळीपासून सहा हातांवर थांबतो. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर. "अरे ओ बहन! रोडपे बाजार लगाया क्या? हटाओ ना इनको!"

"हटिवते, जरा थांब की!" सुकन्या ओरडते. ती उतरून मेंढरांना ढकलते. एक हलतं, दोन परत येतात. टँकरच्या मागे आणखी गाड्यांची रांग. दुसऱ्या बाजूच्या लेनवर तर कुणी थांबलेलंच नाही, आणि शेळी तिकडेच बघते आहे.

उतारावरून बिरप्पा येतो. चालत नाही, धावत नाही. काठी टेकवत, एका पायावर, घसरत.

"बस!" तो लांबूनच ओरडतो. "गाडीवर बस, सुकन्ये!"

ती बसते. तो मागे बसतो. त्याचा डावा हात तिच्या काखेखालून पुढे येतो आणि लिव्हरवर पडतो. ओढतो. तिच्या पाठीला त्याचा श्वास लागतो.

"चालू कर. गिअर टाक. रेस दे, जरा. जरा."

तो लिव्हर अर्धी सोडतो.

घुर्रर्र.

माना वर होतात. चाळीस मेंढरं डांबरावरून, चाळीस कडेवरून, शेळी पुढे, दुभाजकाच्या फटीतून, पलीकडे. दुसऱ्या लेनवर एक एसटी थांबते. कंडक्टर दारातून वाकून बघतो. रेस सुकन्याच्या हातात, क्लच बिरप्पाच्या. दोघांपैकी एकानेही घाई केली तर गाडी उडी मारेल. दोघेही घाई करत नाहीत.

"शाब्बास चाचा!" टँकरवाला ओरडतो आणि जातो.


पलीकडे, माळावर.

सुकन्याने इंजिन बंद केलं. मेंढरं थांबली आणि चरू लागली. एकही कमी नव्हतं, तिने दोनदा मोजलं. मग तिने हाताची सावली करून पडद्यावर बघितलं.

"हिरवं न्हाय," ती म्हणाली.

बिरप्पा अजून मागेच बसला होता. हात लिव्हरवर तसाच.

"मीच बंद केलं," तो म्हणाला. "काल. बसवराजकडनं."

"का?"

"सुटंल म्हनून. तू पडशील म्हनून." मग तो पुढे म्हणाला, "दारातच बंद पडंल आसं वाटलं मला. तू उताराला लागशील हे ध्येनातच आलं न्हाय."

ती वळली नाही. समोर मेंढरांकडे बघत राहिली.

"अप्पा."

"हं."

"त्या दिशी कडबाकुट्टीत. तुमी म्हनता लाईट गेलती."

बिरप्पाचा हात लिव्हरवर घट्ट झाला. इंजिन बंद होतं, त्याने काही झालं नाही.

"शेजारच्या हिरीवरची मोटर चालू हुती," सुकन्या म्हणाली. "पाटात पानी पडत हुतं. मी आवाज ऐकत हुते. मशीन सुरू व्हायच्या आधी, अन् नंतर बी. मला वाटलं, दुखायला लागल्यावर तसं ऐकू आलं आसंल. तीन वरसं म्हनतेय मी, तसंच आसंल. लाईट गेलती का?"

रोडवरून दोन गाड्या गेल्या. कोकरू टाकीवरच्या पोत्यात हललं.

"न्हाय," बिरप्पा म्हणाला. "लाईट हुतीच."

त्याला आणखी सांगायचं होतं. मी वाकून बघितलं नाही, हे. ती काही विचारेल म्हणून तो थांबला. तिने विचारलं नाही.

"उतरा," ती म्हणाली.

तो उतरला. काठी रोडच्या वस्तीकडच्या बाजूला राहिली होती, म्हणून बाभळीला धरून उभा राहिला. सुकन्याने मेनू उघडला, शोधलं, दाबलं. हिरवं चिन्ह आलं. चावी बंद करून परत चालू केली. चिन्ह परत आलं. तिसऱ्यांदा तसंच करून बघितलं. मग डावा हात मांडीवर ठेवून, पायाने गिअर टाकून ती मेंढरांमागे गेली. मेंढरं जागची हलेनात, तेव्हा तिने हॉर्न दिला, छोटा, दोनदा. पुढची शेळी विचारात पडली. तिसऱ्या हॉर्नला चालू लागली.


शंका शेवटची. ही सुकन्याची.

व्यापाऱ्याचा टेम्पो आला नाही. मेंढरांना नवी भाषा यायला अकरा दिवस लागले.

आता रोज सकाळी सुकन्या गाडीची चावी फिरवते आणि पडद्याकडे बघते. हिरवं चिन्ह असतं. तरी ती उतारावर निघायच्या आधी दारातच एकदा गिअर टाकून बघते. झटका बसत नाही. मग मान वळवून ती ओट्याकडे बघते. तिथे बिरप्पा गुडघा लांब करून बसलेला असतो. ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते.

बिरप्पाला ते माहीत आहे. ती बाहेर यायच्या आधी तो हातातली तंबाखूची चंची बाजूला ठेवतो, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो. तळवे वर. तिला नीट दिसतील असे.